रात्रपाळीच्या नर्सला व्हीआर हेडसेटने ताण कमी करता येईल का?

मिरजेत आयसीयूला आहात, नाइट संपली तरी छातीत धडधडत राहतं, म्हणून व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून चहूबाजूंचं दृश्य बघायचं यंत्र, घ्यावा का, असं विचारलंय. तात्पुरता आराम मिळतो. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी कोविड वॉर्डातल्या १०२ कर्मचाऱ्यांना जेमतेम तीन मिनिटं हिरव्यागार निसर्गाचं दृश्य दाखवलं, तर ताण लगेच उतरल्याचं त्यांनी सांगितलं. अभ्यास २०२२ चा. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा फार भुलू नका.

आमच्या ड्युटीरूममध्ये एकीने हेडसेट आणला होता. मी हौसेने होडीचा व्हिडिओ लावला, तोही उपाशीपोटी पहाटे चारला! दोन मिनिटांत मळमळायला लागलं. कॅमेरा एका जागी स्थिर असलेला व्हिडिओ निवडा, खुर्चीत टेकून बसा, पाचेक मिनिटांत आवरा. फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. चेहऱ्याला लागणारा भाग दरवेळी पुसा, काचेला मात्र सॅनिटायझर नको.

कृष्णेच्या घाटावर बसलं तरी तसाच आराम मिळेल म्हणा, पण भर ड्युटीत कोण सोडतंय? झोपच उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फोन मोफत आहे. आणि सलग सहा नाइट लावत असतील, तर आधी इन्चार्ज सिस्टरांशी भांडा.