विकसनशील देशात राष्ट्रीय आरोग्य विमा केवळ हप्त्यांवर चालेल का?

बहुतांश लोक पगारी नोकरीत नसलेल्या देशात हप्ते गोळा करून राष्ट्रीय आरोग्य विमा चालवता येईल का, असे आपण विचारले आहे. केवळ हप्त्यांवर तो चालत नाही; कराचा पैसा त्यात घालावा लागतो आणि तो रुग्णालयांच्या हाती वेळेवर पडावा लागतो. घानाचा अनुभव मला येथे सर्वांत बोलका वाटतो.

घानात 1985 पासून सरकारी रुग्णालयातही आधी पैसे भरा, मग उपचार घ्या, अशी 'कॅश अँड कॅरी' पद्धत होती. ती बंद करण्याचे आश्वासन देऊन जॉन कुफुओर सत्तेवर आले आणि 2003 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला. वस्तू व सेवांवर 2.5 टक्के आरोग्य विमा अधिभार बसवण्यात आला, पगारदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतून वेतनाच्या 2.5 टक्क्यांइतकी रक्कम वळवण्यात आली, आणि शेतकरी, फेरीवाले अशांकडून अल्प वार्षिक हप्ता ठरला. 18 वर्षांखालील मुले आणि 70 वर्षांवरील वृद्धांना हप्ता माफ होता; 2008 मध्ये गरोदर स्त्रियांनाही ही सवलत मिळाली. परिणामी उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा अधिभाराचा राहिला, हप्त्यांचा अगदी किरकोळ. दरवर्षी नूतनीकरण करावे लागत असल्याने पहिल्या दशकात चालू सभासद निम्म्या लोकसंख्येपेक्षाही कमी होते, हेही सांगितले पाहिजे.

मला या योजनेचे विशेष मोल वाटते ते बाह्यरुग्ण सेवेसाठी. हिवतापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईला तपासणी, रक्तचाचणी आणि गोळ्या कार्डावर मिळाव्यात, अशी तिची आखणी आहे. आपल्याकडील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यातून भागत नाही, आणि गरीब घराला हाच खर्च महिन्यामागून महिना पोखरत असतो.

घानाची योजना अडखळली ती देयकांपाशी. मी स्वतः एका रुग्णालयात अशाच योजनांची बिले पाहते, त्यामुळे ही साखळी मला चांगली कळते: उपचार झालेले असतात, कागदपत्रे गेलेली असतात, पण रक्कम कित्येक महिने येत नाही, मग औषधपुरवठादार उधारी बंद करतो, औषधांचे कपाट रिकामे होते आणि कार्डधारक रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते. घानात नेमके हेच वारंवार झाले आणि पूर्वीची रोख पद्धत मागच्या दाराने परतली. त्यातच 2017 मध्ये सरकारने ठरावीक कामासाठी राखून ठेवलेल्या निधींवर कायद्याने मर्यादा घातली, म्हणजे आरोग्याच्या नावाने लोकांनी भरलेल्या अधिभाराचा काही भाग इतर खर्चाकडे वळू लागला. अधिभारावरील ही मर्यादा उठवण्याचा निर्णय 2025 च्या अर्थसंकल्पात झाला. म्हणून कोणत्याही नव्या कायद्यात दोन कलमे मला अत्यावश्यक वाटतात: आरोग्याचा अधिभार अन्यत्र वळवता येणार नाही, आणि ठरावीक मुदतीत बिल न चुकवल्यास विमा प्राधिकरणाला रुग्णालयास व्याज द्यावे लागेल.