‘मिस’साठी फ्रेंचमध्ये कोणते क्रियापद?

प्रश्न असा आहे की, इंग्रजीतील ‘मिस’ला फ्रेंच शब्दकोशात ‘मांके’ हा प्रतिशब्द सापडतो. मग ‘आय मिस यू’ याचे भाषांतर ‘झ त मांक’ असे केल्यास फ्रेंच माणूस ते चुकीचे का मानतो?

कारण त्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘तुला माझी आठवण येते’ असा होतो. ‘मांके’ हे क्रियापद इटालियनमधून फ्रेंचमध्ये आले. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मांकुस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ लुळा, अपंग असा आहे. तेव्हा त्याचा गाभ्याचा अर्थ ‘उणे असणे’ हाच धरावा. जे उणे असते ते कर्त्याच्या जागी बसते आणि ज्याला ते उणे वाटते तो ‘मला’, ‘त्याला’ अशा रूपात येतो; म्हणून योग्य वाक्य ‘त्यू म मांक’ असे होते आणि पॅरिसची आठवण येत असेल तर ‘पारी म मांक’ असे म्हणतात. खरे तर मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, कारण ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यातही ‘मी’ कर्ता नाहीच. गोंधळ होतो तो मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य रचल्यामुळे. कॅनडातील क्युबेक प्रांतात याच अर्थाने ‘झ मांन्वी द त्वा’ असेही म्हणतात. त्यातील क्रियापदाचा एरवीचा अर्थ कंटाळणे असा असल्याने ‘मला तुझ्यावाचून करमत नाही’ हे त्याचे जवळजवळ तंतोतंत मराठी रूप ठरते.

गाडी चुकली, तर मात्र मराठी आणि फ्रेंच यांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठीत ‘माझी गाडी चुकली’ असे म्हणताना कर्तेपण गाडीकडे जाते. फ्रेंचमध्ये ते माणसाकडेच राहते आणि गाडी कर्म होते. येथे ‘मांके’ चालते, पण रोजच्या बोलण्यात ‘राते’ अधिक ऐकू येते, म्हणजे ‘जे राते ल त्रॅं’. मित्रमंडळींत त्याऐवजी ‘लूपे’ म्हणतात. ‘राते’ हा शब्द मुळात बंदुकीचा बार फुसका जाण्याशी निगडित होता, त्यामुळे नेम चुकण्यालाही तो शोभतो. परीक्षेच्या बाबतीत मात्र सावध राहावे : परीक्षेला ‘राते’ लावले की ती द्यायची राहून गेली असे कोणी समजत नाही, तुम्ही नापास झालात असेच समजतात. तास मुद्दाम बुडवला असेल, तर विद्यार्थी ‘सेशे’ हे क्रियापद वापरतात. त्याचा मूळ अर्थ वाळवणे, सुकवणे असा आहे.

‘मांके’पुढे ‘द’ हे शब्दयोगी आले, की अर्थ पुन्हा बदलतो. ‘इल मांक द पास्यांस’ म्हणजे त्याच्या अंगी धीर नाही. येथे आठवणीचा काही संबंध नाही आणि ज्याच्यात उणीव आहे तोच कर्ता आहे. हेच ‘द’ नकारार्थी वाक्यात दुसऱ्या क्रियापदाआधी आले, तर ‘न मांके पा द मेक्रीर’ असे वाक्य होते आणि त्याला आपल्याकडे ‘मला न चुकता पत्र लिहा’ असे सरळ म्हणता येते. दिलेला शब्द मोडणे यासाठीही ‘मांके’च वापरतात, पण तेथे ‘द’ऐवजी ‘आ’ येते.

मुद्दा लक्षात न येणे या अर्थाच्या ‘मिस’ला मात्र ‘मांके’ न वापरता ‘पासे आ कोते’, म्हणजे ‘बाजूने निघून जाणे’, असे म्हणणे अधिक स्वाभाविक वाटते.