ओरिजिनल कॅरेक्टर समोरून चांगलं जमतं पण टर्नअराउंडमध्ये, म्हणजे तेच कॅरेक्टर सगळ्या बाजूंनी काढताना, वेगळाच माणूस दिसतो. आधी अजून स्केचेस करू की टर्नअराउंडच काढत बसू?

टर्नअराउंड काढा. चार-पाच बरी स्केचेस झाली की लगेच. आधी डिझाईन फायनल करा मग टर्नअराउंड, असं बरेच जण सांगतील, ते माझ्या मते साफ चुकीचंय, आणि जरा चिडूनच लिहितोय कारण या एका वाक्यापायी माझे दोन महिने गेलेत.

मी निपाणीजवळचा. २०१८ ला पुण्यात एका छोट्या स्टुडिओत होतो, तिथं १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर छोटी फिल्म करायचं ठरलं. आमच्याकडं ते आंदोलन घराघरात माहीत आहे, तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू हायवेवर ठाण मांडून बसले, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्या गर्दीतली एक वयस्क शेतकरीण माझ्या वाट्याला आली. नऊवारी, डोक्यावर भाकरीचं गठुडं, एक हात कमरेवर. समोरची पोज सगळ्यांना आवडली. सरांना म्हटलं आठ दिवस द्या, पाचही बाजू काढतो, तर म्हणाले, "अरे मागून कोण बघतंय? फ्रंट आणि साईड दे, बाकीचं अ‍ॅनिमेटर बघून घेतील." साईडसुद्धा मी फ्रंटवरूनच अंदाजानं उरकली.

आणि स्टोरीबोर्डचा शेवटचा शॉट काय होता? ती बाई हायवेवरनं उठते आणि बांधावरनं पाठमोरी गावाकडं चालत जाते.

तिघा अ‍ॅनिमेटरनी तीन पाठी काढल्या. एकानं सहावारीसारखी सरळ सोडली, एकानं चक्क धोतर केलं, तिसऱ्यानं कासोटा काढला पण पदर उजव्या खांद्यावर. सगळं परत करावं लागलं आणि मीटिंगमध्ये बोट माझ्याकडं. बोट दाखवलं त्याचं एवढं नाही वाटलं, वाईट याचं वाटलं की मागची बाजू मलाही माहीत नव्हती. ज्या आज्जीच्या कडेवर वाढलो तिचा कासोटा कुठं खोचलेला असतो हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

शनिवारी गावी गेलो, आज्जीला अंगणात उभं केलं आणि वही घेऊन तिच्याभोवती फिरलो. "मी काय पिंपळ हाय व्हय रं, फेऱ्या मारालास?" म्हणाली, पण उभी राहिली. निऱ्या पोटाशी असतात एवढंच मला ठाऊक. कासोटा पायांमधून मागं जाऊन पाठीशी कमरेत खोचलेला, त्या ताणानं गुडघ्याच्या मागपासून कमरेपर्यंत तिरक्या चुण्या, पोटऱ्या समोरच्यापेक्षा मागून जास्त उघड्या. पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर, तिथून उजवीकडनं फिरवून पुढं खोचलेला. आणि बाजूनं बघितल्यावर मान पुढं आलेली, इतकी की समोरून ती जवळजवळ दिसतच नाही, हनुवटी थेट गळ्याच्या खळीवर. मी समोरून चांगली दोन बोटं मान काढलेली. म्हणजे सगळ्यांना आवडलेलं ते फ्रंटच चुकलं होतं. मग फायनल काय झालं होतं ते आधी-डिझाईन-फायनल-करा वाल्यांनी मला सांगावं.

तुमचंही हेच होत असणार. नाक, कपाळ, हनुवटी किती पुढं आहेत हे समोरून कळतच नाही, त्यामुळं ते ठरवायचं राहून जातं आणि थ्री-क्वार्टरला, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून, माणूस बदलतो. साईड आधी पक्की करा. टाळू, डोळे, नाकाचा शेंडा, हनुवटी, खांदे, कोपर, कमर, गुडघे, टाच अशा आडव्या रेषा मारा आणि सगळ्या बाजू त्याच रेषांवर बसवा, पर्स्पेक्टिव्ह अजिबात नको. उंची डोक्यांत मोजा, मोठा माणूस साधारण साडेसात डोकी धरतात, माझी बाई वाकलेली म्हणून ६ ठेवली. थ्री-क्वार्टर सगळ्यात शेवटी. आणि डावी साईड फ्लिप करून उजवी करू नका, नथ, पिशवी, व्रण सगळं उलट्या अंगाला जातं.

तरी नाही जमलं तर शाडूचं डोकं करा. हातानं गणपती घडवणारा माणूस पाट फिरवत फिरवत काम करतो, आमच्याकडं पोरं लहानपणापासून ते बघतात आणि कागदावर आली की विसरतात. डिस्नेकडं १९३० च्या दशकाच्या शेवटी कॅरेक्टरच्या अशा छोट्या मूर्ती करायला वेगळा विभागच होता.

हां, एकच चित्र किंवा पुस्तकाचं कव्हर असेल तर एवढं सगळं नको. थ्रीडीला जाणार असेल तर कमरेवर हात वगैरे चालणार नाही, हात अंगापासून सुटे लागतात. आणि स्केचेस सोडा असंही म्हणत नाहीये, ती चालूच ठेवा, फक्त त्यांच्यापायी टर्नअराउंड थांबवून ठेवू नका. सरांनाही शुक्रवारची डेडलाईन होती हे मान्य. पण "मागून कोण बघतंय" हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही. तो शेवटचा शॉट आज्जीच्या पाठीवरून परत केला, १४ सेकंदांचा आहे, त्यात त्या बाईचं तोंड एकदाही दिसत नाही.