कॉल बुक बंद झाल्यावर

प्रश्न : ताई, नमस्कार. ३१ जानेवारीला मी रेल्वेतून लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, म्हणून रिटायर झालो. भुसावळ लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लागतात तिथे, ३६ वर्षं काढली, मालगाडीपासून मेलपर्यंत. शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घातले, पेढे वाटले, मी रडलोसुद्धा. त्याआधी डिसेंबरात मुलीचं लग्न झालं. मग क्वार्टर सोडलं आणि जळगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. पेन्शन आहे, पण रनिंग अलाउन्स, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता, गेला तो जाणवतो.

सहा महिने झाले, रात्री दोनला जाग येतेच. पूर्वी ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दार ठोठवायचा, कॉल बुकवर, म्हणजे त्याच्या वहीवर, सही घ्यायचा. पुढे फोन यायला लागला. आता कोणी उठवत नाही, तरी उठून बसतो. मग पडल्या पडल्या स्टेशनं म्हणतो. भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, गाळण, नगरदेवळा, कजगाव. पुढची वाघळी आली की उठून पाणी पितो. वाघळीच्या अलीकडे २००९ साली एक माणूस गाडीसमोर आला होता. ते असो.

पेपर दहा वाजता वाचून संपतो. मुलाच्या गाडीत बसलो की सिग्नलला तोंडातून मोठ्यानं ‘रेड’ निघतं, तो चिडतो. बायको चाळीसगावकडची. अहिराणीत म्हणते, “तुम्ही घर उनात, पन जीव गाडीवरच शे.” म्हणजे घरी आलात, पण जीव गाडीवरच आहे. सून म्हणते काउन्सेलरकडे जा. मी काय वेडा आहे का? तिथे नेमकं करतात तरी काय? गोळ्या देतात का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं ‘ते असो’ मी तीनदा वाचलं. त्याच्याकडे येतेच, आधी सोपं ते उरकते.

गोळ्या काउन्सेलर देत नाही, त्याला तो अधिकारच नाही. गोळ्या देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसच्या पुढे त्या विषयात शिकलेला डॉक्टर. काउन्सेलर बोलतो, ऐकतो आणि तुमच्याकडून काही कामं करून घेतो. पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण काय, कुठे झालं, हे विचारायला लाजू नका. तुम्ही वेडे आहात का, याचं उत्तर द्यायलाही मला अवघड वाटत नाही. होम्स आणि राहे नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण लावले होते. रिटायरमेंटला ४५, पैशाची स्थिती बदलली ३८, मूल घर सोडून गेलं २९, राहतं घर बदललं २०, झोपेचं गणित बदललं १६. तुमची बेरीज मी डाळ शिजेपर्यंत केली : १४८. दीडशेच्या पुढे आजारपणाचा धोका वाढतो, असं ते म्हणत. यादी तिकडच्या माणसांसाठी केलेली आहे, तिला फार चिकटून राहू नये. पण जे तुम्ही ‘रिटायर झालो’ अशा एका शब्दात सांगता, ते पाच बदल आहेत, आणि ते सगळे दोन-अडीच महिन्यांत अंगावर आले.

त्या ४३ घटनांत वाघळीला मात्र जागा नाही.

माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. २००९ मध्ये तुम्ही त्या दिवसानंतर पुन्हा ड्यूटीवर गेलात. पुढचा कॉल, पुढचा सिग्नल, असिस्टंटला मोठ्यानं सांगायचं, त्यानं मोठ्यानं परत म्हणायचं. त्या कामात मनाला मागे वळायला फुरसत मिळाली नाही. काम हेच झाकण होतं. ते ३१ जानेवारीला निघालं. म्हणून जागरणाचं कारण तुम्ही समजता तसं नुसतं रिकामपण नसावं. मोठा बदल झाला की जुन्या न बोललेल्या गोष्टी वर येतात, हे मी काउन्सेलर म्हणून माझ्या खोलीत नेहमी पाहते. शिक्षिका रिटायर होते आणि बोलते चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाबद्दल.

पहिल्या दिवशी काय होईल? खुर्ची, पाण्याचा ग्लास, पाऊण तास. झोप, भूक, घरची माणसं, कशासाठी आलात, एवढंच विचारतील. वाघळीचं त्याच दिवशी सांगायची सक्ती नाही. चांगला माणूस तुम्हाला ओढत तिथे नेणार नाही. जबरदस्तीनं सगळं बाहेर काढलं की बरं वाटतं ही समजूत खोटी आहे. तुम्ही तयार झालात की तो बरोबर बसेल. अशा प्रसंगांसाठी वेगळ्या, शिकून घ्यायच्या पद्धती आहेत. त्याला त्या येतात का, हे थेट विचारा. बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत, त्यातला हा लक्षात ठेवा : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर.

झोपेचं काम बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होईल. रनिंग स्टाफचं, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांचं, शरीर कधी रात्री जागलं, कधी दुपारी झोपलं, त्याला आता एकच वेळ शिकवायची आहे. झोप कधीही लागो, उठायची वेळ रोज एकच. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर पलंग सोडायचा, दुसऱ्या खोलीत बसायचं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची. कंटाळवाणं आहे, पण चालतं. त्याआधी रेल्वेच्या मेडिकल कार्डावर थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मी हे प्रत्येकालाच सांगते, कारण कधी कधी सगळं रडगाणं थायरॉइडचं निघतं.

मी स्वतः याच धंद्यातली असून सासूबाई गेल्यावर नाशिकला दुसरीकडे गेले होते. पहिल्या ठिकाणी समोरचा माणूस सारखा फोनकडे बघत होता. दोन खेपांनंतर सोडलं. दुसरीकडे आठ वेळा गेले, तिसऱ्या खेपेला रडले. तेव्हा एका ठिकाणी जमलं नाही तर ‘काउन्सेलिंग आपल्यासाठी नाही’ असं ठरवू नका, माणूस बदला.

सलग दोन आठवडे दिवसभर मन उदास असेल, जेवण नको वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर काउन्सेलरची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञ गाठा. मध्यरात्री दोनलाच तसं वाटलं तर सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

वहिनींना पहिल्या दिवशी सोबत न्या, पण बाहेर बसवा. वाघळीचं त्यांना माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, नाही. घाई नको.

आणि सिग्नलला ‘रेड’ म्हणता, ते बंद करू नका. मुलाला सांगा, असिस्टंट ऐकून गप्प बसत नाही, तो परत म्हणतो. पुढच्या वेळी त्यानंही म्हणावं.