चर्चच्या कार्यक्रमांना गावोगावी जाताना पियानो स्वतःचा न्यावा का? आणि मानधन मागितलेलं चालतं का?

न्यावाच. आणि मानधन फोनवरच ठरवा, तिथं पोचल्यावर नाही. उत्तर खरं तर इथंच संपलं. पण 'मागितलेलं चालतं का' हे तुमचे शब्द वाचले आणि मला एका मंडळीतले, म्हणजे गावच्या चर्चचा कारभार बघणारे पंच आठवले.

मी नगरची, मिशन कंपाउंडात वाढलेली. पंधराएक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका गावातून नाताळच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. पंच फोनवर म्हणाले, "ताई, आमच्याकडं मिशनऱ्यांच्या काळचा पियानो आहे. तुम्ही नुसत्या या." मी नुसती गेले.

पियानोवर विणलेला टेबलक्लॉथ, त्यावर फुलदाणी, शेजारी गव्हाणी मांडलेली. थाट बघून बरं वाटलं. समोरची फळी काढली तर तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा उंदरांनी कुरतडून खाली घरटं केलेलं, त्यात वर्तमानपत्राचे कपटे. पेडल सुतळीनं बांधलेलं. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी चौदा दाबल्या की वरच येईनात. तेही चाललं असतं, चुकवून वाजवता येतं. खरं दुखणं सुराचं होतं. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण काही टनांचा. वर्षानुवर्षं ट्यूनरचा हात लागला नाही आणि दर पावसाळ्यात लाकूड फुगत-आकसत राहिलं की स्वर घसरतो. इथं तो पाव स्वरानं घसरला होता. पुरा अर्धा स्वर उतरला असता तर गाणाऱ्याच्या काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) मी तिच्या शेजारची पांढरी दोन धरली असती. पाव स्वराला पट्टीच नसते! एका दिवसात सगळं वर ओढायला जावं, तर गंजलेल्या तारा तुटायच्या.

आणि कार्यक्रम होता टिळकांच्या पदांचा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली. भजनी मंडळाची पेटी चोख लागलेली, ढोलकी तयार. पेटीबरोबर मी एकच स्वर धरला आणि पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर पदर घेतला. शेवटी पियानोवर एकटीनं दोन कॅरोल वाजवले आणि उरलेला दीड तास स्टेजवर बसून झांज वाजवली. 'पुण्याहून आलेल्या सुप्रसिद्ध पियानोवादिका' अशी ओळख करून दिली होती हो!

जेवणानंतर मंडपवाल्याला आणि माइकवाल्याला पैसे मोजून दिले, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या हातात कॅलेंडर आणि डबाभर करंज्या. मी एसटीच्या भाड्याचं विचारलं तर पंच म्हणाले, "ताई, ही तर सेवा. प्रभूच्या कामाचे पैसे मागायचे नसतात." माझे वडीलही घरी हेच म्हणायचे, म्हणून तेव्हा गप्प बसले. आज सांगते: लूक १०:७ काढून वाचा. कामकरी मजुरीला पात्र असतो असं प्रभूनंच म्हटलंय. मांडव घालणं काम, आणि माझा चार तासांचा रोजचा रियाज मात्र सेवा? सेवा कोणाची करायची ते मी ठरवीन, पंचांनी परस्पर ठरवू नये.

तेव्हापासून बारा किलोचा डिजिटल पियानो, स्टँड, एक्स्टेंशन बोर्ड आणि स्टॅबिलायझर बरोबर असतो. खऱ्या पियानोसारखं वजन पट्ट्यांना हवं असेल तर 'वेटेड' लिहिलेलाच घ्या, हलका कीबोर्ड बोटं बिघडवतो. सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्स्पोजचं बटण आहे म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, गायक ऐन वेळी पट्टी बदलतात. एसटीच्या टपावर मात्र कधीही टाकू नका.

आकडा किती सांगायचा, ते तुमच्या शहरावर आहे, मला विचारू नका. आणि हो, सगळे पाळक-पंच असे नसतात. काही मंडळ्यांकडं खरंच पैसे नसतात, तिथं मी अजूनही फुकट जाते.

त्याच पंचांचा गेल्या महिन्यात फोन आला होता, यंदाच्या नाताळसाठी. मी निम्मी रक्कम आगाऊ मागितली. "कळवतो" म्हणाले. करंज्या मात्र छान होत्या, खोटं कशाला बोलू.