डेट्रॉइटचा आय-३७५ एवढा छोटा का आणि तिथे आधी काय होतं?

आय-३७५ हा अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला महामार्ग, लांबी जेमतेम १.७ किलोमीटर. उत्तरेला ग्रॅशिअट अव्हेन्यूजवळ आय-७५ या मुख्य महामार्गापासून फुटतो आणि दक्षिणेला नदीलगतच्या जेफरसन अव्हेन्यूला येऊन संपतो. अमेरिकेत तीन आकडी इंटरस्टेटचा (‘आय-’ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा) पहिला आकडा विषम असेल, तर तो सहसा मुख्य महामार्गातून फुटलेला फाटा असतो. डाउनटाउनपर्यंत गाड्या आणून सोडणं एवढंच याचं काम, म्हणून तो एवढासा. १९६४ मध्ये खुला झाला.

खरा प्रश्न मात्र तुमचा दुसरा आहे. हा रस्ता जमिनीच्या पातळीखाली खणलेल्या चरातून जातो, आणि तो चर ज्या जागेवर आहे तिथे ब्लॅक बॉटम ही वस्ती होती. नाव पडलं ते इथल्या काळ्या, सुपीक मातीवरून. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं इथे स्थिरावली, कारण शहरात इतरत्र त्यांना घरं मिळू देत नव्हते. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्यांचा बाजाररस्ता: दुकानं, क्लब, चर्च. गायिका अरेथा फ्रँकलिनच्या वडिलांचं न्यू बेथेल चर्चही याच रस्त्यावर थोडं उत्तरेला होतं, तेही क्रायस्लर फ्रीवेत (आय-३७५ आणि त्याला लागून असलेल्या आय-७५ चं इथलं नाव) गेलं. वस्ती पाडली तेव्हा बहुतेक लोक भाडेकरू होते, त्यामुळे त्यांच्या हाती फारसं काहीच लागलं नाही. मला हे ‘विकास’ म्हणवत नाही.

पुढे चर बुजवून तिथे साधा शहरी रस्ता करायची योजना आखली गेली; २०२५ मध्ये ती फेरविचारासाठी थांबवली गेली. २०२२ मध्ये त्यासाठी १० कोटी ४६ लाख डॉलरचं केंद्रीय अनुदान जाहीर झालं.