बोर्ड ठेव खाली, आधी पाणी बघ

बाबू,

मेसेज वाचला तुझा. सगळे लाटा पकडतात, मी नुसता तरंगत बसतो, सर्फिंग सोडून देऊ का काका? अरे सोडायचं का नाही ते मग पाहू, आधी हे सांग की उतरायच्या आधी काठावर किती वेळ बसला होतास? वेटसूटचं लिहिलंस, बोर्डचं लिहिलंस, 15 डिग्रीच्या पाण्यात बोटं बधिर झाली तेही लिहिलंस (आम्ही इकडे मे मध्ये 45 मध्ये भाजून निघालो अन् तुझी जुलैत थंडीची तक्रार!), पाणी बघितल्याचं एक वाक्य नाही.

तुमच्या आयर्लंडच्या बुंडोरानचा तो ‘पीक’, लाट फुटायची जागा, गावासमोरच आहे ना, वरून सगळं दिसतं. मग बघ ना बाप्पा! बीचवरची वाळू सरकत राहते, लाट आज इथं उद्या तिथं. तुझ्या पीकखाली रीफ, म्हणजे पाण्याखालचा खडक, तो हलत नाही. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटणारच, म्हणून ती तिथंच तिथंच फुटते, आणि बाजूला जिथं फुटत नाही तो खोल पट्टा, तुम्ही चॅनल म्हणता तो, बाहेर जायचा रस्ता तोच. तू फुटणाऱ्या लाटेतून हात मारत गेलास, दमणार नाही तर काय? उन्हाळ्यात अटलांटिक त्यातल्या त्यात शांत, दोन सेटच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या दोन झुंडींच्या, मध्ये बराच वेळ जातो, पाच मिनिटं बघून लहानच आहे म्हणून उतरशील तर मोठा सेट बरोबर डोक्यावर येईल.

समुद्र मी धड पाहिला नाही, घर-नोकरीत राहूनच गेलं, हे सगळं तुझ्या व्हिडिओंवरून अन् यूट्यूबवरून. पण वैनगंगेत पोट्टे शिकवले ना! आधी डोहाच्या काठावर बसवायचो, तर आईबाप म्हणायचे हा पोहणं शिकवतो का पाणी दाखवतो. 2020 च्या ऑगस्टअखेर वरून धरणाचं पाणी सुटलं, नदी फुगली, तरणी पोरं म्हशी आणायला होडी काढत होती, मी दोर सोडला नाही. म्हातारा भ्याला म्हणाले, अजून म्हणतात. म्हणू दे. त्यांनी म्हशी पाहिल्या होत्या, मी पाणी.

आणि छोटा बोर्ड घेऊ नको रे, पैसे झाडाला लागले का? येत्या रविवारी बोर्ड रूमवरच ठेव. पूर्ण ओहोटीला खडक उघडा पडला की मला व्हिडिओ कॉल लाव, इकडे रात्र असली तरी लाव, अन् चॅनल कुठून जातो ते मला बोट लावून दाखव.

तुझा काका